टक्कर, धडक, ठोकर, आदळणं: 'कोलिजन'ला कुठे कोणता शब्द?

मुलुंडचा_मजकूरवाला

भिवंडीतलं एक गोदाम आणि न्हावाशेव्याचं एक कंटेनर यार्ड यांच्यासाठी सुरक्षेच्या सूचना मराठीत करायच्या आहेत. मूळ इंग्रजी मजकुरात 'कोलिजन' पानोपानी आहे. पहिल्या मसुद्यात सगळीकडे 'टक्कर' घातलंय. काही वाक्यं वाचताना खटकतात, पण नेमकं काय चुकतंय ते बोट ठेवून सांगता येत नाही. नमुने:

१. फोर्कलिफ्टची रॅकशी टक्कर झाल्यास माल चढवणे-उतरवणे ताबडतोब थांबवा.
२. वळणावर दोन ट्रेलरची टक्कर होऊ नये म्हणून हॉर्न द्या.
३. टक्कर होता होता वाचली तरी नोंदवहीत लिहा.
४. कंटेनर धक्क्याला टक्कर देणार नाही याची क्रेन ऑपरेटरने काळजी घ्यावी.
५. दोन पेट्यांच्या क्रमांकांची टक्कर झाल्यास पर्यवेक्षकाला कळवा.

वाचणारे म्हणजे चालक, माथाडी कामगार, क्रेन ऑपरेटर. कोशातले जड शब्द नकोत. जाणकारांनी सांगावं.

व्याकरणाची_वही

दुसरं वाक्य बरोबर. पहिलं आणि चौथं चूक. फरक विभक्तीत आहे.

टक्कर परस्परांची असते: 'ट्रक आणि टेम्पोची टक्कर', 'ट्रकची टेम्पोशी टक्कर'. दोघांची जागा बदलली तरी अर्थ तोच राहतो. धडक एकाकडून दुसऱ्याकडे जाते: 'ट्रकची टेम्पोला धडक'. इथे जागा बदला, लगेच आरोपी बदलतो. 'शी' आणि 'ला' या दोन प्रत्ययांत सगळं आलं.

रॅक जमिनीला बोल्टने जखडलेला असतो, तो कोणाशी टक्कर घ्यायला येत नाही. म्हणून 'फोर्कलिफ्टची रॅकला धडक बसल्यास'.

चौथ्यात घोळ क्रियापदाचा आहे. मराठीत 'टक्कर देणे' म्हणजे तोडीस तोड उभं राहणं. लहान दुकानदार मोठ्या मॉलला टक्कर देतो. कंटेनर धक्क्याला टक्कर देऊ लागला तर त्याचं कौतुकच करावं लागेल. हे हिंदीतल्या 'टक्कर मार दी'चं अर्धवट मराठी आहे.

सोबत येणारी क्रियापदं एकदा लिहून ठेवा, निम्मे प्रश्न तिथेच संपतात. टक्कर होते. टक्कर देणे आणि घेणे हे सामना करण्याच्या अर्थाने. धडक दिली जाते, मारली जाते किंवा बसते. ठोकर मारली जाते, लागते, बसते, आणि अनेकवचनात आयुष्यभर खाल्ली जाते.

आदळणे 'वर' मागतं: 'कंटेनर जमिनीवर आदळला'. स्वतःच्या वजनाने किंवा ताबा सुटून जोरात जाऊन पडणं त्यात आहे. आपटणे दोन्हीकडे चालतं, म्हणजे डोकं आपटलं आणि त्याने डोकं आपटलं. आदळणे मात्र बहुतेक अकर्मक. सकर्मक वापर पाय आदळण्यात किंवा भांडी आदळण्यात, म्हणजे रागाच्या कामात.

दादर_उपसंपादक

वर दिलेला नियम चांगला आहे, पण त्यातून कोणी असा अर्थ काढेल की दोन्ही वाहनं चालती असली की टक्कर आणि एक उभं असलं की धडक. तसं नाही.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली. दोन्ही बोटी पाण्यावर चालत्याच होत्या. तरी तिथे स्पीडबोटीची प्रवासी बोटीला 'धडक' हाच शब्द योग्य, कारण वेग आणि रोख एकीचा होता. 'दोन बोटींची टक्कर' लिहिलं असतं तर व्याकरण शुद्ध राहिलं असतं आणि बातमी पातळ झाली असती.

इंग्रजी वर्तमानपत्री शैलीत बरीच वर्षं एक कडक अट होती की दोन्ही वस्तू गतीत असतील तरच 'कोलाइड' वापरायचं; चालती गाडी उभ्या गाडीशी 'कोलाइड' होऊ शकत नाही. एपी या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेत ती होती आणि पुढे त्यांनीच ती सोडली. लॅटिन मुळात दोघांच्या गतीची सक्ती नाहीच. 'कोम' म्हणजे एकत्र आणि 'लेदेरे' म्हणजे मारणं, इजा करणं. इंग्रजीनेच टाकून दिलेली अट आपण मराठीत आयात करू नये.

मराठीत प्रश्न गतीचा नाही, कर्तेपणाचा आहे. कोणाकडून घडलं हे माहीत असेल आणि सांगायचं असेल तर धडक. माहीत नसेल, किंवा चौकशी चालू असताना मुद्दाम सांगायचं नसेल, तर टक्कर.

मथळ्यांसाठी आणखी एक. 'समोरासमोर धडक' सर्रास छापतात आणि ते चालतं. 'आमनेसामने टक्कर' आणि 'भिडंत' हे हिंदी वाहिन्यांचं उधार आहे. मराठीत भिडणे हे माणसांचं, पैलवानांचं, संघांचं क्रियापद. ट्रक भिडत नाहीत. निवडणुकीच्या बातमीत 'काँटे की टक्कर' लिहिणाऱ्यांना 'चुरशीची लढत' आठवत नाही हे आणखी वेगळं दुखणं.

शुद्ध_संज्ञा

टक्कर मुळात हिंदीच ना? शास्त्रीय लेखनात 'संघात' हा संस्कृत शब्द आहे, तो सगळीकडे वापरला तर हा गोंधळच मिटेल.

दादर_उपसंपादक

@शुद्ध_संज्ञा, टक्कर मोल्सवर्थच्या मराठी कोशात आहे आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. हिंदी म्हणायचंच असेल तर 'टकराव' म्हणा. त्याला मराठीत संघर्ष, खटका, वाद असे तीन पर्याय हजर आहेत.

आणि 'संघात'चं काय होतं पाहा: 'मुंबई संघात दोन बदल'. पाटीवर 'संघात टाळा' लिहिलंत तर लोक संघ सोडून एकेकटे खेळतील.

व्याकरणाची_वही

:) आघात आणि अभिघात यांचंही तसंच. आघात आता मनावर होतो किंवा नगाऱ्यावर. संघर्षाच्या मुळाशी घासणं आहे, आदळणं नाही; आज त्याचा अर्थ झगडा. 'कोलिजन कोर्स'चं राजकीय भाषांतर 'संघर्षाच्या पवित्र्यात' होऊ शकतं, यार्डात होत नाही.

यार्डमास्तर_भायखळा

रेल्वेत हा शब्द नुसता अर्थाने नाही, वर्गाने बांधलेला आहे. तुमच्या यार्डात रेल्वे सायडिंग असेल तर हे लागेल.

भारतीय रेल्वेच्या अपघात वर्गीकरणात ए वर्ग टक्करीचा, बी आगीचा, सी फाटकावरच्या अपघातांचा, डी रुळावरून घसरण्याचा आणि ई इतर. गाडीने फाटकावर ट्रकला उडवलं तर बोलीत 'रेल्वे-ट्रक टक्कर' म्हणतात, पण नोंद सी वर्गात जाते. फाटकाचा संबंध नसताना गाडी एखाद्या अडथळ्याला किंवा पक्क्या बांधकामाला धडकली तर ई. म्हणजे रेल्वेच्या कागदावर 'टक्कर' मुख्यतः गाडी-गाडीचीच.

घसरल्यानंतर डबा शेजारच्या रुळावर पडला आणि त्यावर दुसरी गाडी आली, तर बातमीत दोन्ही शब्द एकत्र येतात. तिथे क्रम लिहावा: आधी घसरली, मग धडक बसली. 'घसरून टक्कर' असं एका दमात लिहिलं की कारण आणि परिणाम उलटे वाचले जातात.

तुमच्या तिसऱ्या वाक्यासाठी: रेल्वेत 'अव्हर्टेड कोलिजन' हा वेगळा एफ वर्ग आहे. कोणाच्या तरी दक्षतेमुळेच टक्कर टळली, असं असेल तर ती टळलेली टक्कर. त्यालाही मोजमाप आहे. स्थानकाच्या हद्दीबाहेर दोन गाड्या, किंवा गाडी आणि अडथळा, शेवटी थांबल्यावर त्यांच्यात ४०० मीटर किंवा जास्त अंतर असेल तर ती टळलेली टक्कर धरत नाहीत. हद्दीच्या आत, चालत्या गाडीसाठी मध्ये थांबा सिग्नल लाल असेल आणि गाडी तो पाळून थांबल्यामुळे टक्कर टळली असेल, तरीही धरत नाहीत. 'होता होता वाचली' मध्ये हे काहीच येत नाही. शिवाय टक्कर वाचत नाही, माणूस वाचतो. टक्कर टळते.

उपकरणांची नावं: 'कवच'चं आधीचं इंग्रजी नाव ट्रेन कोलिजन अव्हॉयडन्स सिस्टम. २०२० मध्ये ती राष्ट्रीय स्वयंचलित गाडी संरक्षण प्रणाली म्हणून स्वीकारली गेली. त्याही आधी कोकण रेल्वेने अँटी कोलिजन डिव्हाइस तयार केलं होतं. मराठीत टक्कररोधक, टक्करविरोधी, टक्कररोधी असे तीन प्रकार छापले जातात. 'विरोधी' माणसं असतात, यंत्रं नव्हेत. रोधक बरा.

व्याकरणाची_वही

@यार्डमास्तर_भायखळा, मजकुराशी पूर्ण सहमत. फक्त 'टक्करीचा' नको, 'टकरीचा'. तीन अक्षरी शब्दात मधलं अक्षर क किंवा प चं द्वित्व असेल तर सामान्यरूपात ते द्वित्व जातं: रक्कम-रकमेचा, चप्पल-चपलेला, छप्पर-छपरावर, तसंच टक्कर-टकरीत. अनेकवचनही टकरी. बैलांच्या टकरी, रेड्यांच्या टकरी लावतात तेव्हा कोणी 'टक्करी' म्हणत नाही. धडकचं अनेकवचन धडका, सामान्यरूप धडके: 'दाराला धडका मारल्या', 'धडकेत जखमी'.

यार्डमास्तर_भायखळा

मान्य. टकरीचा.

सुकाणू_आणि_नांगर

समुद्राकडची बाजू राहिली. न्हावाशेवा म्हटलं की ती येणारच.

सागरी इंग्रजीत एक जुना भेद आहे. दोन चालती जहाजं एकमेकांवर आली तर कोलिजन. चालतं जहाज धक्का, पूल, बोया किंवा नांगरलेलं जहाज अशा स्थिर वस्तूवर गेलं तर अलिजन. अमेरिकी सागरी कायद्यात हा दुसरा शब्द अजून जिवंत आहे. बाल्टिमोरचा पूल २६ मार्च २०२४ ला 'डाली' जहाजाच्या आघाताने कोसळला, ते अलिजन. अनेक ठिकाणी त्याला नुसतं 'कॉन्टॅक्ट'ही म्हणतात. हा भेद मराठीत आपोआप पडतो: 'दोन जहाजांची टक्कर', पण 'जहाज पुलाच्या खांबावर आदळलं'. नवा शब्द पाडायची गरज नाही.

तळ लागणं याहून वेगळं. ३१ जुलै २०११ ला माणसांविना भरकटत आलेलं 'पवित' हे तेलवाहू जहाज जुहूच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलं. ना टक्कर, ना धडक, रुतलं. 'किनाऱ्याला धडकलं' असं लिहिलं की वाचकाला वाटतं काहीतरी फुटलं. चक्रीवादळ मात्र किनाऱ्याला धडकतं. जून २०२० मध्ये निसर्ग अलिबागजवळ धडकलं. त्या धडकण्यात येऊन पोचण्याचा अर्थ आहे, मोर्चा मंत्रालयावर धडकतो तसा.

मुंबई बंदराबाहेरच्या खऱ्या टकरी: ७ ऑगस्ट २०१० ला 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३'. एक बाहेर निघालेलं, एक आत येणारं. चित्रा कललं, कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरलं. ३० जानेवारी २०११ ला नौदलाची 'विंध्यगिरी' आणि 'नॉर्डलेक' हे मालवाहू जहाज. दोन्ही प्रसंगी दोन्ही जहाजं चालती, म्हणून सुरुवातीच्या वृत्तात टक्कर हाच शब्द सुरक्षित.

नियमांच्या पुस्तकाचं नावच टक्कर टाळण्याचं आहे: समुद्रावरील टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम, १९७२. ते १५ जुलै १९७७ पासून लागू आहेत. त्यात 'रिस्क ऑफ कोलिजन' ही संकल्पना मध्यवर्ती आहे, आणि भाषांतरकार तिथे हमखास पडतात. 'टकरीची शक्यता' नव्हे, 'टकरीचा धोका'. तो ओळखायची खूण अशी: जवळ येणाऱ्या जहाजाची होकायंत्रावरची दिशा जर ठळकपणे बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल, तर धोका आहे असं मानायचं. शंका असेल तरी आहे असंच मानायचं. जहाज फार मोठं असेल, टो करणारं असेल किंवा अगदी जवळ असेल तर दिशा बदलत असूनही धोका राहू शकतो.

समोरासमोर आले तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. आडवे येत असतील तर ज्याच्या उजव्या बाजूला दुसरं जहाज दिसतं त्याने वाट द्यायची, आणि परिस्थिती अनुमती देत असेल तर समोरून आडवं काढायचं नाही. एक छोटा भोंगा म्हणजे उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं चालवतोय. पाच किंवा जास्त जलद भोंगे म्हणजे तुमचा इरादा कळत नाहीये. इथे 'वाट द्यायची' हे 'मार्ग प्रशस्त करावा' असं केलेलं पाहिलंय. खलाशाला ते समजेपर्यंत दोन्ही जहाजं बंदराबाहेर पोचतील.

आणि चौथ्या वाक्यात 'धक्का' हाही खड्डा आहे. भाऊचा धक्का म्हणजे घाट, आणि लोकलमध्ये बसतो तोही धक्का. 'कंटेनर धक्क्याला धक्का देणार नाही' असं काही करू नका. 'कंटेनर धक्क्यावर आदळणार नाही' म्हणा. 'वर' आला की अर्थ स्थिरावतो.

पंचनामा_वांद्रे

अपघाताच्या कागदपत्रांत शब्दाची किंमत रुपयांत असते, म्हणून थोडं सविस्तर.

पोलिसी मराठीचा साचा ठरलेला आहे: 'वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने चालवून पाठीमागून ठोकर मारून'. यातले 'हयगयीने व अविचाराने' हे शोभेचे शब्द नाहीत. ते कलमाचे घटक आहेत, पूर्वी भारतीय दंड संहितेचं २७९, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २८१. ते गाळून 'ठोकर मारली' एवढंच लिहिलं तर कलमाचा आधार लंगडा होतो.

'दिली', 'बसली', 'झाली' यांत फार फरक पडतो. 'टेम्पोने रिक्षाला धडक दिली' म्हणजे टेम्पोचालकावर बोट. 'रिक्षाला धडक बसली' म्हणजे मार कोणाला ते कळलं, मारणारा वाक्यातून गायब. 'रिक्षा व टेम्पोची टक्कर झाली' म्हणजे दोघांचा वाटा असू शकतो, असं वाक्य स्वतःच कबूल करून बसतं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जबाबाचं इंग्रजी भाषांतर जातं तेव्हा तिन्हीचं 'कोलाइडेड विथ' केलं की हा भेद पुसला जातो. टक्कर असेल तिथे 'कोलाइडेड', धडक दिली तिथे 'हिट' किंवा 'रॅम्ड', बसली तिथे 'वॉज हिट', असं ठेवावं.

दावेदार प्रवासी असेल आणि चूक दोन्ही चालकांची असेल तर त्याला 'काँपोझिट' निष्काळजीपणा म्हणतात. प्रवासी पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो. दावेदार स्वतःच चालक असेल आणि त्याचीही चूक असेल तर 'काँट्रिब्युटरी', म्हणजे त्याच्या वाट्याइतकी रक्कम कापली जाते. दोन्हींना मराठीत 'सहभागी हयगय' लिहिलेलं दिसतं, ते घातक आहे. पहिल्याला 'दोन्ही चालकांची संयुक्त हयगय' आणि दुसऱ्याला 'दावेदाराची स्वतःचीही हयगय' असं उलगडूनच लिहावं.

विम्याबद्दल: इंटरनेटवर वाचून लोक विचारतात की पॉलिसीत 'कोलिजन कव्हर' आहे का. ती अमेरिकेतली विभागणी आहे, कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह. आपल्याकडे ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी. तुमच्या गाडीला धडक बसो की झाड पडो, तुमच्या गाडीचं नुकसान ओन डॅमेजमध्ये येतं. दावा अर्जात कारण लिहिताना 'टक्कर' एवढंच लिहू नये. दिशा, कोणाचा कोणता भाग, कोणाच्या कोणत्या भागाला, आणि त्या क्षणी कोणती गाडी उभी होती हे यावं: 'सिग्नलला उभी असताना मागून टेम्पोच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याची धडक बसून मागचा बंपर व डिकीचं दार चेपलं'. विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान या वाक्याशी ताडून पाहतो. लिहिलंय मागून आणि चेपलंय पुढून, असं निघालं की दावा अडकतो. मागून बसलेल्या धडकेने गाडी पुढच्या गाडीवर ढकलली गेली असेल तर दोन धडका क्रमाने लिहा, नाहीतर पुढचं नुकसान वेगळ्या अपघाताचं ठरवलं जातं.

डेंटिंग_पेंटिंग_कुर्ला

गॅरेजच्या भाषेत टक्कर नसतेच. गाडी 'घासली', 'ठोकली' किंवा 'डॅश बसली'.

घासली म्हणजे पत्रा जागेवर, रंग गेला. पॉलिश, फार तर एक पॅनल रंगवणं. डॅश म्हणजे बंपर, त्याचे क्लिप, ग्रिल, हेडलाइटचे कान. ठोकली म्हणजे बोनेट उघडून रेडिएटरचा सपोर्ट, पुढचे क्रॉस मेंबर आणि चेसिसची लांबी मापायची. दोन्ही बाजूंचे तिरके माप जुळत नसतील तर चेसिस ओढायला मशीनवर जाते. गिऱ्हाईक 'घासली' सांगतं आणि निघते ठोकलेली, म्हणून शब्दावर एस्टिमेट देत नाहीत. दुरुस्ती विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेली की 'टोटल लॉस'.

'ठोकली' मध्ये कर्ता बहुधा गाडीवालाच असतो. 'त्याने गाडी ठोकली' म्हणजे चालवणाऱ्याची चूक. दुसऱ्याने मारली तर 'गाडीला ठोकलं'. यार्डातल्या चालकांना ही भाषा लगेच कळेल, पण छापील पाटीवर 'ठोकू नका' लिहू नका. मुंबईत त्याचा अर्थ भलताच होतो.

स्विच_आणि_हब

पाचव्या वाक्याकडे कोणी वळलंच नाही. तिथे टक्कर चूक आहे. दोन पेट्यांना एकच क्रमांक लागला, एवढंच झालंय. 'क्रमांक दुबार आल्यास' लिहा. मतदार यादीमुळे दुबार शब्द सगळ्यांना माहीत आहे.

संगणकात कोलिजनचे निदान दोन अर्थ आहेत आणि दोन्हींना एकच मराठी शब्द लावू नये.

एक, हॅश कोलिजन. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण; दोन वेगळ्या मजकुरांची हॅश किंमत एकच येणं ही कोलिजन. इथे काही आदळत नाही. 'हॅश जुळणं' म्हटलं तर चांगली गोष्ट वाटते, म्हणून 'दुबार हॅश' किंवा सरळ 'हॅश कोलिजन'. खोलीत २३ माणसं असली की कोणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त होते. जुळणारी जोडी अशी अपेक्षेपेक्षा लवकर सापडते, म्हणून हॅशची लांबी जितकी वाटते त्याच्या निम्म्याच बिटांइतकी सुरक्षा कोलिजनविरुद्ध मिळते. एमडी५ या हॅश पद्धतीसाठी २००४ मध्ये आणि एसएचए-१ साठी २०१७ मध्ये प्रत्यक्ष कोलिजन काढून दाखवली गेली. फाइल बदलली नाही ना हे तपासायला ती दोन्ही वापरू नयेत, एसएचए-२५६ वापरावं.

दोन, इथरनेटमधली, म्हणजे तारेने जोडलेल्या संगणकांच्या जाळ्यातली कोलिजन. ही खरी टक्कर: एका तारेवर दोघांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली. जुन्या हबवर (सगळ्यांची तार एकत्र जोडणारी पेटी) आणि हाफ डुप्लेक्सवरच (एका वेळी एकच बाजू बोलते) होते; फुल डुप्लेक्समध्ये दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू शकतात. १० मेगाबिटच्या जाळ्यात टक्कर कळायला ५१.२ मायक्रोसेकंदांची मुदत असते, म्हणजे ५१२ बिट किंवा ६४ बाइट. सगळ्यात छोटी फ्रेम (एका वेळी पाठवला जाणारा माहितीचा तुकडा) ६४ बाइटची असते ती याचमुळे. टक्कर कळली की ३२ बिटांचा जॅम संकेत, मग दोघं यादृच्छिक वेळ थांबतात. सोळा प्रयत्न फसले की फ्रेम टाकून दिली जाते. ही मुदत उलटून गेल्यावर कळलेली टक्कर म्हणजे 'लेट कोलिजन'. तिचं कारण जवळजवळ नेहमी मर्यादेपेक्षा लांब केबल, किंवा एक टोक फुल आणि दुसरं हाफ डुप्लेक्सवर असणं. गोदामातल्या जुन्या बारकोड स्कॅनरचं जाळं रेंगाळत असेल तर स्विचच्या पोर्टवर हा आकडा आधी बघा. फुल डुप्लेक्स स्विचवर टक्कर शून्यच असायला हवी.

'कोलेशन' हे तिसरंच. डेटाबेसमधला वर्णक्रम. एका मराठी पुस्तिकेत त्याचं 'टक्कर' केलेलं पाहिलंय. 'कोल्यूजन' म्हणजे संगनमत, तेही यातलं नाही.

शुद्ध_संज्ञा

मग भौतिकशास्त्रात काय? तिथे तर स्ट्रायकरने सोंगटीला मारलं तरी 'टक्कर' म्हणतात. सोंगटी उभीच असते की.

व्याकरणाची_वही

चांगला प्रश्न. कॅरम खेळणारा 'स्ट्रायकरने सोंगटीला मारलं' म्हणतो, कारण नेम त्याचा आहे. भौतिकशास्त्राला नेमाशी देणंघेणं नाही. स्ट्रायकर सोंगटीवर जेवढं बल लावतो तेवढंच सोंगटी स्ट्रायकरवर लावते, आणि दोघांचा मिळून संवेग (वस्तुमान गुणिले वेग) आधी होता तेवढाच नंतर राहतो. सोंगटीवर बसून पाहिलं तर स्ट्रायकरच अंगावर येताना दिसेल, स्ट्रायकरवरून पाहिलं तर सोंगटी. कोण उभं हे बघणाऱ्यावर ठरतं. म्हणून तिथे परस्परवाचक टक्करच योग्य.

आकड्यांत: १५ ग्रॅमचा स्ट्रायकर ५ ग्रॅमच्या उभ्या सोंगटीवर सरळ रेषेत आला आणि टक्कर पूर्ण स्थितिस्थापक, म्हणजे गतिज ऊर्जा न हरवणारी, धरली, तर स्ट्रायकर निम्म्या वेगाने पुढे जात राहतो आणि सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगाने सुटते. म्हणूनच सरळ मारलेला स्ट्रायकर सोंगटीमागोमाग भोकात जातो. प्रत्यक्षात थोडी ऊर्जा आवाजात आणि उष्णतेत जाते, म्हणून सोंगटीचा वेग याहून कमी. दोन वस्तू चिकटून एकत्र जात असतील तर ती पूर्ण अस्थितिस्थापक टक्कर. तिथेही संवेग टिकतो, गतिज ऊर्जा टिकत नाही. ट्रेलरखाली घुसलेली मोटार हे तिचं उदाहरण.

भूगर्भशास्त्रातही असंच. भारतीय भूपट्ट आणि युरेशियन भूपट्ट यांची टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली, अजून चालू आहे आणि हिमालय त्यातूनच उभा राहिला. धडक एका क्षणात होऊन जाते, टक्कर चालू राहू शकते. 'भूपट्टाची धडक' त्यामुळे फसतं.

मुलुंडचा_मजकूरवाला

भरपूर मिळालं. सुधारून टाकतोय:

१. फोर्कलिफ्टची रॅकला धडक बसल्यास काम ताबडतोब थांबवा. रॅकची तपासणी झाल्याशिवाय त्यावरचा माल हलवू नका.
२. वळणावर समोरून ट्रेलर येऊ शकतो. टक्कर टाळण्यासाठी हॉर्न द्या.
३. टक्कर किंवा धडक थोडक्यात टळली तरी नोंदवहीत लिहा.
४. कंटेनर धक्क्यावर आदळणार नाही याची क्रेन ऑपरेटरने काळजी घ्यावी.
५. दोन पेट्यांना एकच क्रमांक आल्यास पर्यवेक्षकाला कळवा.

क्रेनच्या यंत्रणेला 'टक्कररोधक यंत्रणा'. चालेल?

यार्डमास्तर_भायखळा

एक, दोन, चार, पाच छान. तिसऱ्यात 'थोडक्यात' काढा. रेल्वेने ४०० मीटरचा आकडा दिला तो याच शब्दाच्या भांडणासाठी. तुमच्या यार्डात किती अंतर म्हणजे थोडक्यात हे सुरक्षा अधिकाऱ्याकडून ठरवून घ्या आणि मीटरमध्ये छापा, नाहीतर प्रत्येक पाळी आपापलं थोडक्यात वापरेल. आणि नोंदवहीत 'कोणामुळे टळली' असा रकाना ठेवा.

पंचनामा_वांद्रे

त्याच नोंदवहीत 'दिली की बसली' हे चालकाला लिहायला लावू नका. त्याने फक्त दिशा, भाग आणि कोण उभं होतं एवढंच लिहावं. पहिल्या दिवशी घाईत लिहिलेलं 'धडक दिली' पुढे न्यायाधिकरणात कबुलीसारखं वाचलं जातं.

सुकाणू_आणि_नांगर

क्रेनबद्दल. यार्डात शेजारी शेजारी दोन क्रेन एकाच रुळावर असतील तर टक्कररोधक बरोबर, दोन्ही चालत्या असतात. पण तीच यंत्रणा क्रेनचा बूम (लांब हात) जहाजाच्या बांधणीला लागू नये म्हणूनही असते. तिथे 'बूम लागू नये म्हणून असलेली यंत्रणा' एवढं साधं लिहा. ऑपरेटर 'लागला' हाच शब्द वापरतात: बूम लागला, हुक लागला, स्प्रेडर लागला.

मुलुंडचा_मजकूरवाला

दोन वेगळ्या ओळी करतो. अंतराचा आकडा सुरक्षा अधिकाऱ्याकडून मागवलाय, आला की तिसरं वाक्य इथेच टाकतो.